कुत्र्याचं तोंड

कुत्रा या जनावराची मला किळस आहे. भीती नाही. भीती असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. किळस म्हटलं की लोक मलाच ऐकवतात, किती प्रेमळ जनावर असतं म्हणून. असेल. पण एका कुत्र्याचं तोंड मी कितीतरी महिने रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांनी धुतलेलं आहे, तेही पोटुशी असताना. तेव्हा प्रेमाच्या गोष्टी मला कोणी सांगू नयेत.

तो कुत्रा माझ्या सासऱ्यांचा. साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या जठारपेठेतून लग्न होऊन मी अमरावतीला राजापेठेत आले तेव्हा कुत्रा माझ्या आधी घरात आलेला होता, म्हणजे मानानं माझ्या वरचा. बदली झालेल्या कुण्या साहेबानं जाताना तो सासऱ्यांच्या गळ्यात बांधला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं सासूबाई म्हणायच्या, अर्थात सासरे घरात नसताना. सासरे मात्र खूश होते. शाळेचे हेडमास्तर ते. उंच कानांचा तो विलायती कुत्रा घेऊन संध्याकाळी फिरायला निघाले की वाटेतले लोक बाजूला होऊन नमस्कार करत. कुत्र्याचं नावही इंग्रजी होतं. ते मी तेव्हाही कधी घेतलं नाही.

सासऱ्यांनी माळ घातली होती. कुण्या महाराजांकडून घेतली आणि त्या दिवसापासून घरात मटण, अंडी, सगळं बंद. घराणं शेतकऱ्याचं, त्याआधी सगळेच खात होते. सासूबाई तर म्हणे पाट्यावर असा मसाला वाटायच्या की गल्लीला कळावं. पण माळ एकानं घातली आणि तोंडं साऱ्यांची बांधली गेली. माझ्या माहेरी दर रविवारी मटण शिजायचं. लग्न ठरतानाच सांगितलं होतं की पोरीला सोडावं लागेल. नाही म्हणणार कोण? मी सोडलं. पहिले काही महिने शेजारच्या गल्लीतून फोडणीचा वास आला की रडू यायचं, मग तेही यायचं बंद झालं.

लग्नाला वर्ष होऊन गेलं आणि मला दिवस गेले. पाचव्या महिन्यापासून मी पांढरी पडायला लागले. पाण्याची घागर उचलली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, अंगात रक्त नाही, अंडी खा, कलेजी खा. घरी आल्यावर काय सांगितलं असं सासऱ्यांनी विचारलं आणि मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोन्ही कान धरले. मग मला मोरीवर जाऊन चूळ भरून यायला सांगितलं, कारण मी घरात, देवघरासमोर, अंडं हा शब्द उच्चारला होता. मी चूळ भरली. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण त्या वेळी मी भरली.

माझी सारी आशा अकोल्यावर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाजच. आईनं निरोपावर निरोप पाठवले होते. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना सूज, म्हणून "पाहू, पाहू" करत सासऱ्यांनी सातवा महिना उतरणीला आणला होता. आठवा लागला की पोटुशी बाईला गावाची शीव ओलांडू देत नाहीत, म्हणजे मग इथंच अडकायचं, इथंच वरण-भाकर खात घागरी उचलायच्या. आमच्या मागच्याच गल्लीतली एक बाई, माझ्यासारखीच पांढरीफटक पडलेली, त्या हिवाळ्यात बाळंतपणात गेली होती. तिला नेताना मी फाटकातून पाहिलं होतं. तेव्हा मला अकोल्याला जायचं होतं ते लाडासाठी नव्हे, जगण्यासाठी. माझा नवरा नोकरीला यवतमाळला, शनिवारी यायचा आणि बापासमोर मान खाली घालून जेवायचा. त्याच्याकडून काही होणार नव्हतं. शेवटी आईनं न विचारताच भावाला धाडायचं ठरवलं. तो अमुक दिवशी सकाळी येतो असं कळवून टाकलं. सासरे म्हणाले, "येऊ द्या. आला की पाहू."

भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी कुत्रा सुटला.

त्या आधी कुत्र्याची संध्याकाळ सांगितली पाहिजे. उन्हं कलली की सासरे टोपी घालायचे, काठी घ्यायचे आणि साखळी सोडून त्याला फिरायला न्यायचे. दिवेलागणीला परत. आले की मी मोरीपाशी पाण्याची बादली घेऊन उभी असायची. आधी सासरे हातपाय धुवायचे, खळखळून चुळा भरायचे, मग कुत्र्याला पुढे करायचे. "रस्त्यावर कशातही तोंड घालते हे. धू त्याचं तोंड." मी ओणवी व्हायची, पोट सांभाळत, आणि हातावर पाणी घेऊन त्याचं तोंड धुवायची. ओठांच्या कडेची काळी कातडी, त्यातली लाळ, मिशांना लागलेलं काहीतरी ओशट, लालसर. पाण्यानं जायचं नाही. राख लावावी लागायची. मला उमासे यायचे. कुत्रा मात्र मजेत माझं मनगट चाटायचा. त्यानंतर सासरे देवापुढे बसून हरिपाठ म्हणत.

त्या दिवशी सासू-सासरे नांदगाव खंडेश्वरला लग्नाला गेले होते, सकाळच्या मोटारीनं. संध्याकाळी परतणार होते. जाताना सासऱ्यांनी मला फाटकापाशी उभं करून सांगितलं, "कुत्र्याकडे लक्ष ठेव. नगरपालिकेची माणसं विषाच्या गोळ्या टाकत फिरताहेत. हा बाहेर गेला तर गेला. मग तुझं अकोलं विसर." हे ते शांतपणे बोलले, वर्गात शिक्षा सांगावी तसं.

दिवसभर तो अंगणातल्या जामाच्या झाडाला बांधलेला होता. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. भाकर खाल्ली, झोपला, माशांवर तोंड मारलं. उन्हं कलली आणि त्याची फिरायची वेळ झाली. मालक घरात नाही हे त्या जनावराला कोण समजावणार? आधी कुरकुरला, मग भुंकला, मग साखळीला असे हिसडे द्यायला लागला की पट्ट्याची कडीच तुटली. मी स्वयंपाकघरातून धावत आले तोवर त्यानं फाटकावरून उडी मारली होती. साखळी झाडापाशी पडली होती आणि माझं अकोलं गल्लीतून पळत चाललं होतं.

मी तशीच निघाले. पदर खोचला, पायात काही नाही, एक हात पोटाखाली. तोंडातून हाक निघेना, कारण त्याचं ते इंग्रजी नाव मला घेता येत नव्हतं. नुसतं "यू यू" करत मागे पळत होते. गल्लीतल्या बायका ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "कुत्रा सुटला." ती म्हणाली, "येईन वापस," आणि पुन्हा सुपात पाहू लागली. वाटेत दोन गावठी कुत्री ताठून पडलेली होती, तोंडाला फेस, डोळे उघडे, त्यांवर माशा. विषाला विलायती आणि गावठी कळत नाही. तरी कुत्रा दिसत होता, हेच नशीब. तो भटकत नव्हता, कुठं हुंगत नव्हता, रोजच्या रस्त्यानं जावं तसा सरळ चालला होता. मी दमून उभी राहिले तर तोही थोडा थांबायचा, मागे पाहायचा आणि पुन्हा निघायचा.

सासरे आम्हाला सांगत की ते मारुतीच्या देवळापर्यंत जातात. कुत्रा देवळाच्या बाजूला वळलाच नाही. तो राजापेठ मागे टाकून नाल्याकडे उतरला. तिथं घाण म्हणजे किती. सांडपाणी, शेणाचा चिखल, कोंबड्यांची पिसं, वर घोंघावणाऱ्या माशा. नाल्याच्या काठाशी एक बाभूळ होती, तिच्या बुडाशी कुत्रा थांबला आणि खाली मान घालून काहीतरी चाटायला लागला. विष, असंच मला वाटलं. जीव खाऊन धावले. पाहिलं तर पळसाच्या पानांचा ढीग. वाळलेली, मुडपलेली, दोरा बांधून सोडलेली पानं, काही जुनी, काही कालचीच वाटावी अशी. पानांना लाल तेलाचे डाग. मी पट्ट्याला हात घालणार तोच तो निसटला आणि नाला ओलांडून पलीकडे गेला. मी त्या पाण्यात पाय घातला. कोमट, बुळबुळीत. त्या स्पर्शाचा काटा अजूनही अंगावर येतो.

पलीकडे एक खानावळ होती. हमाल आणि ट्रकवाले जेवायचे तिथं. पुढून पत्र्याची पाटी, मागून परसदार. कुत्रा परसदारी गेला आणि अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी बसला, शेपटी हलवत, जशी काही त्याची जागाच ती. आतून एक थोराड बाई आली, कपाळ मोकळं, हाताला मसाला लागलेला. तिनं त्याला त्याच्या त्या इंग्रजी नावानं हाक मारली आणि पट्टा धरून खुंट्याला बांधून टाकलं.

मग तिनं मला पाहिलं. "काहून धावून राहिली वं माय अशी? पोटुशी हायेस ना? बस, बस आधी."

मी ओट्यावर बसले. तिनं गडवाभर पाणी दिलं. मी पाणी प्याले तोवर ती माझ्याकडे पाहत होती.

"हेडमास्तरची सून काय तू?"

मी मान हलवली.

"तरीच. मालक नाही आले आज?"

"लग्नाले गेले नांदगावले."

"म्हून हे एकटंच आलं. रोज याच वक्ताले येते ना दोघं. मालक तिथं आतमंदी बसते," तिनं गोणपाटाचा पडदा लावलेली एक खोली दाखवली, "अन् हे इथं हाडकं फोडते. लय वर्सं झाले. मालकाले माह्याच हातचा रस्सा लागते."

मला नीट कळलं नव्हतं. कळत होतं, पण आत उतरत नव्हतं. माळ, देवघर, हरिपाठ, आणि गोणपाटाचा पडदा, सगळं एकदम डोक्यात घोंघावत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसले लोक मी पाहिले होते. पण अंडं म्हटल्याबद्दल मला चूळ भरायला लावणारा माणूस इथं बसून नळी फोडतो, हे पाहायचं अजून राहिलं होतं.

ती पुढं म्हणाली, "अन् तुले कलेजी पोचते ना रोज?"

मी रिकामा गडवा खाली ठेवला.

"मालकच बोलले एका दिवशी. सुनेचं रगत कमी हाय, डॉक्टरीणनं कलेजी सांगतली म्हणे. मी म्हटलं, मंग मी देतो ना. पोटुशीले देल्लं तं देवालेच देल्लं. तवापासून रोज पहिली कलेजी तुह्या नावाची काढून ठेवतो. पानात बांधतो अन् त्याइच्या हाती देतो. पोचते ना?"

तेव्हा मला ती बाभळीखालची पानं कळली. माझ्या नावानं बांधलेली पुडी तो माणूस नाही म्हणायची हिंमत नाही म्हणून हातात घ्यायचा, नाल्यापर्यंत आणायचा, सोडायचा आणि कुत्र्यापुढे टाकायचा. मग घरी येऊन माझ्याकडून त्याचं तोंड धुवून घ्यायचा. कुत्र्याच्या मिशांना लागलेलं जे ओशट मी राख लावून काढत होते, ते माझ्या पोटातल्या लेकराचं अन्न होतं. हे सासऱ्यांना दिसत होतं, बादलीपाशी उभं राहून ते पाहत होते.

"पोचते," मी म्हटलं.

नाही कशी म्हणणार? ती बाई माझी कोणी नव्हती, आणि साऱ्या अमरावतीत माझ्या रक्ताची काळजी तिला एकटीला होती. तिला कसं सांगायचं की तुझं पुण्य कुत्र्यानं खाल्लं?

खाशील का, असं तिनं विचारलं नाही. आत गेली आणि जर्मनच्या ताटलीत ज्वारीची भाकर आणि तव्यावरची कलेजी घेऊन आली, वरून लिंबू. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. समोर खुंट्याला बांधलेल्या कुत्र्याच्या तोंडालाही सुटलं होतं, लाळेची तार दगडापर्यंत लोंबत होती. आम्ही दोघं एकाच ताटलीकडे पाहत होतो, याची मला शिसारी आली. तरी मी खाल्लं. सगळं खाल्लं, ताटली बोटानं पुसून खाल्ली. कुत्रा कुरकुरत होता. मी त्याला तुकडाही टाकला नाही.

"आज गरम हाय म्हून चांगली लागत असन," ती बाई म्हणाली. "रोज तं थंडी होऊनच पोचते तुले."

मी म्हटलं, "हो."

तिनं सुतळीनं पट्टा बांधून दिला. सासू-सासऱ्यांच्या आधी मी घरी पोचले. पाय धुतले, कुत्र्याला जामाला बांधलं, दिवा लावला. ते आले, त्यांनी आधी कुत्रा पाहिला, मग मला. "होता ना नीट?" मी म्हटलं, "होता." उशीर झाला तरी फिरणं चुकवायचं नाही, असा त्यांचा नेम. पाणी प्याले, टोपी घातली आणि त्याला घेऊन गेले. मी बादली भरून मोरीपाशी ठेवली. आता काय होणार ते मला साधारण कळत होतं. ती बाई काही लपवणारी नव्हती.

पण जे झालं ते माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. सासरे आले ते ओट्यावरूनच ओरडत. शाळेत ते शुद्ध बोलत आणि घरात वऱ्हाडी. रागावले की घरातही शुद्ध बोलत. "ही बाई आज खानावळीत जाऊन मटण खाऊन आली आहे. माझ्या माळेची लाज हिनं ठेवली नाही. हिच्या हातचं पाणी या घरात कुणी प्यायचं नाही. उद्या हिचा भाऊ येतो आहे ना? त्याच्या स्वाधीन करा."

सासूबाई देवापुढून उठल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि नवऱ्यालाही काही विचारलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं, हा एवढासा प्रश्न त्या घरात कोणालाच पडला नाही. त्यांनी गोमूत्र आणलं, चुलीवर, माठावर, पाटावर शिंपडलं. मला बाहेर पडवीत बसवलं. माझे हात बाटलेले, म्हणून त्या संध्याकाळी कुत्र्याचं तोंड सासऱ्यांनी स्वतः धुतलं. त्यांना ते नीट जमेना. त्यांच्या धोतरावर लाल तेलाचा डाग पडला.

माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. गोणपाटाचा पडदा, पळसाची पानं, सगळं. गल्ली जमली असती. मी तोंड उघडलंही. मग लक्षात आलं की हा माणूस मला अकोल्याला पाठवतो आहे. जे निरोप पाठवून मिळालं नव्हतं, जे नवऱ्याच्यानं झालं नव्हतं, ते घर बाटवल्याची शिक्षा म्हणून मिळत होतं. मी एक शब्द बोलले असते तर बाहेर कुठं बोलू नये म्हणून त्यांना मला इथंच डोळ्यांसमोर ठेवावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सकाळी भाऊ आला. त्याला दारातूनच सांगण्यात आलं, घेऊन जा. तो बिचारा गोंधळला, पण मी ट्रंक भरून बसलेलीच होते. टांगा आला. सासरे शाळेत निघून गेले होते. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत बाहेर आल्या. कितीही बाटलेली असली तरी पोटुशी सुनेला रिकाम्या ओटीनं घालवत नाहीत. त्यांनी मला पाटावर उभं केलं, कुंकू लावलं, पदरात गहू आणि खोबऱ्याची वाटी घातली. भाऊ टांग्यात ट्रंक ठेवत होता. सासूबाईंनी तेवढ्यात इकडेतिकडे पाहिलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी हळू विचारलं, "कलेजी चांगली करते काय वं ते बाई?"

सासऱ्यांनी काल मटण म्हटलं होतं. कलेजीचा शब्द काल कोणीही काढला नव्हता, आणि तिथं रांधणारी बाई आहे हेही कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज नव्हती, नुसती भूक होती. इतकी वर्षं दाबलेली. सासऱ्यांची किळस मला आदल्या दिवशीच येऊन चुकली होती. पण माझ्या नावाची पुडी कुठं जाते हे या बाईला माहीत होतं, आणि रोज रात्री ती माझ्या ताटात वरण वाढत होती, "घे वं, रगत वाढते," म्हणत.

मी वाकून पाया पडले, कारण पडायचं असतं, आणि टांग्यात बसले. राजापेठेच्या वळणावर मला टांगा थांबवावा लागला. रस्त्याच्या कडेला बसून मी ओकले. भावानं डोक्यावर हात धरला आणि म्हणाला, "दिवसाचं असन बाई. होते असं."